देवाजीची धाकटी

एकतीस वर्षं देवाजी खोब्रागडेनं एसटी चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत अख्ख्या जगानं त्याला ओव्हरटेक केलं. ट्रकनं केलं, जीपनं केलं, वरातीला उशीर झालेल्या ट्रॅक्टरनं केलं. एकदा तर सिंदेवाहीच्या उतारावर दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवालाही त्याला मागे टाकून, वर घंटी वाजवून पुढे गेला. देवाजीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. एसटीच्या इंजिनाला वेगाचं कुलूप लावलेलं असतं, पाय कितीही दाबा, काटा ठरलेल्या आकड्यापुढे जात नाही. त्यात पाठीशी पन्नास जीव. तो खिडकीतून हात काढून मागच्याला वाट द्यायचा आणि मनात म्हणायचा, जा बाबा, तुझे दिवस आहेत.

मग तो निवृत्त झाला. डेपोनं हार घातला, शाल दिली आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता वेळेवर कुठे पोचायचंच नाही तेव्हा घड्याळ कशाला, हा प्रश्न देणाऱ्यांना पडला नाही. आणि देवाजीनं काय करावं? नागपूरला जाऊन एक लालभडक, ठेंगणी, डिझेलवर पळणारी हॅचबॅक घेऊन आला. वापरलेलीच, पण काय तिचा तोरा! रुंद टायर, आवळलेली कंबर, मागे टपाला लावलेला छोटा पंख. आधीचा मालक नागपूरचा तरुण दातांचा डॉक्टर. लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोनं उंच गाडीचा हट्ट धरला, म्हणून त्यानं डोळ्यांत पाणी आणून ही विकली. नागभीडच्या लोकांना वाटलं होतं की देवाजी एखादी शांत पांढरी गाडी घेईल, नाहीतर निदान चार शेळ्या घेईल. त्यांची तोंडं उघडीच राहिली.

"भाऊ, हे त पोट्ट्यायची गाडी हाये," शेजारचा वारलू म्हणाला.

"मंग मी कोन आहो?" देवाजी म्हणाला आणि बोनेटवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसायला लागला.

त्याची बायको बायनाबाई हाताची घडी घालून गाडीभोवती एक चक्कर मारून आली. बसली नाही, हात लावला नाही. "पयली सवत डेपोत सोडली, अन् हे दुसरी दारात आनली," एवढंच बोलली आणि आत गेली. त्या दिवसापासून गल्लीत एसटी थोरली झाली आणि ही गाडी धाकटी.

धाकटीचे नखरे भारी होते. गावातला प्रत्येक गतिरोधक तिच्या पोटाला खरवडायचा. सीट कडक. इंजिन सकाळी धान कांडायच्या गिरणीसारखं खडखडायचं, आणि बारीकसारीक दुखलं तरी नागपूरलाच न्यावी लागायची. देवाजीला हे सगळं गोड वाटत होतं. त्याची अडचण निराळी होती. त्याच्या अंगातून एसटी जातच नव्हती. गल्लीच्या वळणावर तो एवढा मोठा घेर घ्यायचा की समोरची बाई घरात पळायची. सिंदेवाहीला जाताना वाटेतल्या प्रत्येक बसथांब्यावर गाडी आपोआप डावीकडे लागायची. आणि पहिल्या दिवशी तर ती निघालीच नाही.

झालं असं की देवाजी अंगणात गाडीत बसला, चावी फिरवली, गिअर टाकला, आणि बसून राहिला. एक मिनिट झालं, दोन झाली. वारलू कुंपणावरून बघत होता. इंजिन छान चालू होतं. देवाजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता आणि आपण कशासाठी थांबलोय ते त्याचं त्यालाच कळेना. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बायनाबाईला मात्र कळलं. ती उठली, गाडीजवळ आली आणि टपावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टक् टक्. गाडी निघाली.

एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी दिली की थांबायचं आणि दोनदा दिली की निघायचं. एकतीस वर्षं देवाजीचा डावा पाय डबल बेल ऐकून क्लच सोडत आला होता, आता तो फुकट ऐकायला तयार नव्हता. नागपूरहून निघताना दातांच्या डॉक्टरनं टपावर निरोपाच्या दोन थापा मारल्या होत्या, म्हणून तिथे अडलं नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी बायनाबाई हातातलं काम टाकून येई, टपावर टक् टक् करी आणि परत जाई. गाडीत मात्र ती बसत नसे.

त्याला कारण होतं. बायनाबाईला गाडी लागायची. नुसती लागायची नाही, पार आतडी बाहेर यायची. लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. तिचं माहेर आलापल्लीला, आणि देवाजीची ड्यूटी नेमकी आलापल्लीच्या गाडीवर. मोठ्या कौतुकानं त्यानं तिला आपल्याच एसटीत बसवलं. मूल गाव यायच्या आधी ती दोनदा ओकली आणि चामोर्शी यायच्या आधी तिसऱ्यांदा, तेही पुढच्या सीटवरच्या पाहुण्याच्या पांढऱ्या धोतरावर. पाहुणा आरडाओरडा करत होता, बाया नाकाला पदर लावत होत्या, कंडक्टरनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. देवाजीनं हे सगळं आरशात बघितलं. तो उठू शकला नाही. गाडी अरुंद रस्त्यावर होती, समोरून ट्रक येत होता, आणि सीट सोडायची नसते. बायनाबाईनं त्याला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. पण त्यानंतर ती रेल्वे जाईल तिथेच जायची. आलापल्लीला रेल्वे जात नाही. एवढ्या वर्षांत ती माहेरी तीनदा गेली, दोनदा मयतीला आणि एकदा भावाच्या लग्नाला. तिन्ही वेळा डोळे गच्च मिटून, तोंडावर पदर घेऊन.

म्हणून देवाजीनं धाकटी घेतली होती, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला वेगाची चटक लागली. वेगाचंही होतं, खोटं कशाला बोला. पण त्याच्या मनात एक चित्र होतं, त्यात बायनाबाई पुढच्या सीटवर बसून, उघड्या डोळ्यांनी माहेरी चालली होती.

डिसेंबरात आलापल्लीहून निरोप आला. बायनाबाईच्या भावाच्या, सुकलूच्या मुलीचं, नंदिनीचं साक्षगंध ठरलं होतं. आत्याशिवाय अंगठी घालणार नाही, असं पोरीनं फोनवर सांगितलं. त्याच संध्याकाळी नागपूरहून मुलाचा, प्रफुलचा फोन आला. प्रफुलला ही गाडी पहिल्या दिवसापासून खुपत होती. बाप साठीचा, गाडी विशीतली. आता त्याला गिऱ्हाईकही मिळालं होतं. असल्या डिझेल गाड्या नव्या निघणं बंद झालं आहे, शौकीन लोक शोधत फिरतात, आणि त्याच्या ऑफिसातला एक जण तर तोंड उघडून मागत होता.

"बाबा, आईसाठीच घेतली ना तुमी? आई त बसतच नाई. मंग दारात उभी करून काय लोनचं घालता?"

देवाजीनं आयुष्यात प्रफुलला असं काही सांगितलं नव्हतं. पोरानं ते आपणहून ओळखलं होतं. फोन स्पीकरवर होता. आतून बायनाबाई आली आणि फोनसमोर उभी राहिली.

"मी बसतो," ती म्हणाली. "याच्यातच जाऊन येतो आलापल्लीले. ओकारी झाली नाई त गाडी राहीन. झाली त रविवारी घेऊन ये तुह्या दोस्ताले."

"पक्कं?" प्रफुल म्हणाला.

"पक्कं," बायनाबाई म्हणाली. देवाजीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

देवाजीला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यानं मोबाईलवर आपल्या ग्रुपला विचारलं. याच जातीच्या गाडीच्या मालकांचा हा ग्रुप, नाव 'डिझेलचे दिवाने', नागपूर, नाशिक, कोल्हापूरची पंचविशी-तिशीतली पोरं. कुणी लिहायचं, आज समृद्धीवर जीव खूश झाला. देवाजी लिहायचा, 'आज ताशी पन्नासने सिंदेवाहीस जाऊन आलो. गाडी गरम झाली नाही. बाकी ठीक.' त्यावर तीस अंगठे यायचे. पोरं त्याला काका म्हणायची. त्यानं लिहिलं, 'पत्नीला गाडी लागते. पावणेदोनशे किलोमीटर न्यायचे आहे. उपाय सुचवा.' उपायांचा पाऊस पडला. आल्याचा तुकडा, लिंबू, पोटावर वर्तमानपत्र, पुढची सीट. गाडी विकूनही ग्रुप न सोडलेल्या दातांच्या डॉक्टरानं शेवटी लिहिलं, 'काका, त्यांना आजार नाही, त्यांना हिसके बसतात. ही गाडी इंजिनाच्या दोन हजार फेऱ्यांच्या खाली झोपलेली असते, झोपेत हिसके देते. तिसरा गिअर टाका, काटा दोन हजारवर येऊ द्या आणि मग सोडा. पाण्यासारखी जाते.' देवाजीनं हे बायनाबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं नाक मुरडलं. "दातवाल्याले पोटातलं काय कळते?"

निघायच्या दिवशी सहाला उजाडतानाच देवाजीनं गाडीभोवती फिरून चारही टायरांना लाथ मारली, पाणी बघितलं, काच पुसली. पायाशी प्लॅस्टिकच्या पन्न्यांचा गठ्ठा ठेवला, लिंबं ठेवली, आवळासुपारी ठेवली. बायनाबाई नवं जांभळं लुगडं नेसून आली, बसली, बेल्ट लावून घेतला आणि डोळे मिटले. डोळे मिटूनच तिनं हात पुढे केला आणि डॅशबोर्डवर वाजवलं. टक् टक्.

देवाजीनं इतक्या जपून गाडी कधी चालवली नव्हती. काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. सिंदेवाही गेलं, मूल गेलं. शेतांत कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते, बोडीतल्या पाण्याकाठी बगळे बसले होते, आणि बायनाबाई दगडाच्या मूर्तीसारखी डोळे मिटून बसली होती. दर दहा मिनिटांनी देवाजी विचारायचा, "कसं वाटते?" आणि ती बोट वर करायची, म्हणजे बोलू नका. वैनगंगेच्या पुलावर आल्यावर तिनं एक डोळा किलकिला केला.

"पानी हाये का नदीले?"

"हाये ना. पाय की."

तिनं बघितलं. त्या पहिल्या फेरीनंतर या पुलावरून ती सहा वेळा गेली होती आणि नदी तिनं एकदाही बघितली नव्हती. हिवाळ्यातलं निळं पाणी वाळूतून दोन वाटांनी वाहत होतं. बायनाबाईनं दुसराही डोळा उघडला आणि पूल संपेपर्यंत मिटला नाही.

देवाजीला आनंद झाला, पण तो टिकला नाही. चामोर्शी मागे टाकलं आणि समोर एसटी आली. लाल, चिखलानं माखलेली, मागच्या काचेवर 'आलापल्ली' लिहिलेली. बायनाबाई पहिल्यांदा गेली होती तीच वेळ, तीच गाडी. देवाजीचा पाय आपोआप सैल झाला. थोरलीला ओव्हरटेक करायचं? वडीलधाऱ्या माणसाला धक्का देऊन पुढे जाण्यासारखं वाटलं त्याला. तो तिच्या मागे लागला. ती थांबली की हा थांबे, ती निघाली की हा निघे. थांबा, निघा, धक्का, धूर. अर्ध्या तासात बायनाबाईचा चेहरा पिवळा पडला आणि हात पन्नीकडे गेला.

पुढच्या थांब्यावर तर कहर झाला. एसटी खच्चून भरलेली होती, दोन माणसं उतरवून निघाली. तिच्या मागोमाग धाकटी थांब्यावर लागलेली. झाडाखाली बसलेली एक म्हातारी उठली, वांग्यांची टोपली घेऊन आली आणि मागचं दार उघडून आत बसली. आधार कार्ड काढून तिनं देवाजीच्या खांद्यावर टेकवलं.

"पंच्याहत्तर झाले बाप्पा. फुकट हाये मले."

देवाजी आणि बायनाबाई दोघंही मागे वळून बघत राहिले.

"बाई, हे एसटी नोहे," देवाजी म्हणाला.

"लाल त हाये," म्हातारी म्हणाली. "अन् थांब्यावर थांबली." मग दोन्ही हात जोडून म्हणाली, "जोहार. मी सुकरी. आलापल्लीच्या अलीकडं उतरून द्या."

बायनाबाईला हसू आलं. इतकं की पोटातली मळमळ कुठल्या कुठे गेली. हसता हसता डोळे मिटायचं ती विसरली. धाकटी पुन्हा एसटीच्या मागे लागली तशी तिनं समोर बघितलं. थोडं पुढे तीच एसटी डुलत, धूर सोडत चालली होती आणि पुढचं वळण, झाडं, आभाळ सगळं तिच्या मागे लपलं होतं.

"काऊन मागं मागं चालून राह्यले?" तिनं विचारलं.

"थोरली हाये ना ते."

"एकतीस वर्सं बसले तिच्यात, झालं ना आता! तुमी अजून बसच चालवून राह्यले. हे गाडी हाये, गाडी चालवा. त्या दातवाल्यानं काय सांगतलं होतं?"

"तिसरा टाका म्हने. दोन हजारवर आना, मंग सोडा."

बायनाबाईनं पन्नी पायाशी टाकली, पदर कमरेला खोचला आणि डॅशबोर्डवर वाजवलं. टक् टक्.

देवाजीनं आरशात बघितलं, समोर बघितलं. वळण मागे पडलं होतं, रस्ता मोकळा आणि सरळ. तिसरा टाकला. काटा चढला, दीड हजार, अठराशे, आणि दोन हजारवर धाकटी जागी झाली. कुणीतरी पाठीला हात लावून अलगद पुढे ढकलावं तशी ती निघाली. सीट पाठीला घट्ट झाली. एसटीची मागची काच, मग तिच्या खिडक्या, खिडक्यांतली तोंडं, सगळी एकेक करून मागे सरकली. एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढला आणि वाट दिली. देवाजीनं तो हात ओळखला. माणूस कोण ते माहीत नव्हतं, पण तो हात त्यानं एकतीस वर्षं स्वतः काढला होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं हॉर्न दोनदा वाजवला.

"वा रे वा!" सुकरीबाई मागून म्हणाली. "हे त एक्स्प्रेस निंगाली!"

पुढे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग होती, सगळ्या रस्त्यावर लाल धूळ. बायनाबाईनं काच वर केली आणि मोजायला लागली. एक ट्रक मागे पडला, दोन पडले. प्रत्येक वेळी रस्ता मोकळा दिसला की टक् टक्, आणि देवाजी तिसरा टाकी. पाच ट्रक झाले तेव्हा बायनाबाई लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. मळमळ नाही, डोळे मिटणं नाही. दातांच्या डॉक्टरचं खरं निघालं होतं, तिला वेग लागत नव्हता, तिला रेंगाळणं लागत होतं. सुकरीबाई आपल्या फाट्यावर उतरली. बायनाबाईच्या ओटीत चार वांगी घातली आणि चिंचेचा एक गोळाही दिला. "वापस जाताना घेजा मले," असंही बजावून गेली.

साडेदहाला ते सुकलूच्या दारात पोचले. बायनाबाई ताठ उतरली. लुगड्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. तिला बघून नंदिनी धावत आली, सुकलू आला, शेजारच्या बाया आल्या. बहीण चालत आली, कुणी धरून आणली नाही, हेच सुकलूला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण पंचशील झालं, नंदिनीनं अंगठी घातली. आत्या पहिल्या ओळीत बसली होती.

आता त्या घरात देवाजी म्हणजे जावई. साठी उलटली तरी जावई तो जावईच. त्याला पाण्याचा ग्लास उचलू देईनात. गादीवर बसवलं, टोपी घातली, बुंदी वाढली, अजून वाढली, नको नको म्हणता पुन्हा वाढली. जेवण झाल्यावर सुकलूचा मुलगा आयुष म्हणाला, "चला, आत्याले सागाचं जुनं जंगल दाखवून आनू." देवाजी उठून गाडीच्या दाराकडे गेला तर सुकलूनं त्याचा हात धरला.

"जवाई मानूस गाडी हाकते का, बाप्पा? लोक काय म्हनतीन आमाले? आयुष चालवते. तुमी मांगं आरामात बसा."

मानपानापुढे देवाजीचं काही चालेना. त्यानं आयुषला चावी दिली. बायनाबाई हक्कानं पुढे बसली, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसला.

मागची सीट कशी असते हे त्याला माहीतच नव्हतं. धाकटीची कंबर उंच, मागच्या खिडक्या एवढ्याशा, आभाळाची फक्त एक चिंधी दिसे. समोर आयुषचं डोकं. रस्ता दिसत नाही, वळण कधी येणार कळत नाही, पाय ब्रेक शोधतात आणि ब्रेक नाही. आयुषला गाडी आवडली होती. तो चौथ्या गिअरमध्ये रेंगाळत, हिसके देत, गोष्टी सांगत चालला होता. बाहेर शंभर-शंभर वर्षांचे साग उभे होते आणि बायनाबाई मान वर करून शेंडे बघत होती. तिसऱ्या वळणावर देवाजीच्या कपाळाला घाम फुटला. पोटात बुंदी फिरायला लागली. सांगायचं कसं? एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरनं सांगायचं तरी कसं? त्यानं ओठ घट्ट मिटले.

बायनाबाईचं लक्ष आरशाकडे गेलं. आरशात देवाजीचा चेहरा होता, पिवळा. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. तिनं डॅशबोर्डवर वाजवलं. टक्. एकदाच.

आयुष बोलतच होता. त्याला सिंगल बेल काय माहीत?

"थांबव ना बाप्पा गाडी!" बायनाबाई ओरडली.

गाडी थांबली, देवाजीनं दार ढकललं, दोन पावलं टाकली आणि एका जाडजूड सागाच्या बुंध्याला धरून सगळं बाहेर काढलं. बुंदी, भात, जावयाचा मान, सगळं. बायनाबाई त्याच्या मागोमाग उतरली होती. तिनं एका हातानं त्याचं कपाळ धरलं आणि दुसऱ्यानं पाठ चोळली. मग बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं, आपल्याच पदरानं पुसलं. देवाजी खाली बघत उभा राहिला. त्याला मळमळीपेक्षा दुसरंच काहीतरी लागत होतं.

"तवा मी उतरलो नाई," तो म्हणाला.

ती कधीची गोष्ट, हे बायनाबाईला विचारावं लागलं नाही.

"तुमच्या हातात पन्नास जीव होते," ती म्हणाली. "माह्या हातात आज एकच हाये."

तिनं त्याच्या तोंडात चिंचेचा तुकडा घातला. देवाजीला रडू यायला लागलं आणि चिंच इतकी आंबट होती की हसूही आलं. तो दोन्ही करत उभा राहिला. आयुष गाडीजवळ उभा राहून घाबरून बघत होता. त्याला वाटलं, आपण जावयाला मारलंच.

तेवढ्यात फोन वाजला. प्रफुल. "बाबा, काय झालं? झाली का ओकारी?"

देवाजीनं एकतीस वर्षांत लॉगशीटवर एक खोटा आकडा लिहिला नव्हता. त्यानं धाकटीकडे एकदा डोळे भरून बघितलं. लाल रंगावर सागाच्या पानांची सावली पडली होती.

"झाली," तो म्हणाला. "लिहून घे. रविवारी आन दोस्ताले."

बायनाबाईनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"कोनाले विकाची नाई गाडी. आयकलं का?"

"पन आई, तूच म्हनली होती, ओकारी झाली त—"

"मी ओकली नाई. अन् जे झालं ते गाडीत नाई, सागाखाली झालं. तुह्या बापाले मांगं बसाची सवय नाई, त्याच्यात गाडीचा काय दोस? माही गाडी हाये ते, मी ठेवीन. तुह्या दोस्ताले सांग, दुसरी पाय."

पलीकडून प्रफुलच्या हसण्याचा आवाज आला. तो बराच वेळ हसत होता. "आई," तो शेवटी म्हणाला, "नागपूरले येशीन का मंग याच्यात?"

"येतो ना. मंगरवारीच येतो," बायनाबाई म्हणाली आणि फोन देवाजीच्या खिशात टाकला.

परतताना आयुष गुपचूप मागे जाऊन बसला. देवाजी स्टिअरिंगवर बसला, चावी फिरवली, हात ठेवून समोर बघत थांबला. बायनाबाईनं सावकाश बेल्ट लावला, पदर नीट केला, काच खाली केली, चिंचेचा गोळा पन्नीत बांधून डॅशबोर्डवर ठेवला. मग वाजवलं. टक् टक्.

धाकटी निघाली. वळण संपलं तशी पुढे धानाच्या तणसानं भरलेली एक ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर रेंगाळत चाललेला दिसला, रस्त्याच्या मधोमध, कुणाची पर्वा नसल्यासारखा. समोर रस्ता सरळ होता आणि मोकळा होता. देवाजी मागे मागे राहिला, सवयीनं.

"काय पायता?" बायनाबाई म्हणाली. "तिसरा टाका."